वादळरस्त्याला आलेल्या हरकती

मुलांनो, जवळ सरकून बसा, पण धक्काबुक्की नको. एका जंगलात, ज्याच्या पायाशी समुद्र होता आणि डोक्यावर कातळाचा सपाट सडा, चंद्रावळ नावाची एक सायाळ राहत होती. सायाळ तुम्हाला माहीत असेल. काही जण तिला साळिंदर म्हणतात. तिच्या अंगभर काटे असतात, स्वभाव गरीब असतो आणि गर्दीत तिला नेहमी ऐसपैस जागा मिळते.

चंद्रावळीबरोबर तिची आई राहायची. आईला दिसत नव्हतं. वडील नव्हते. ते कसे गेले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ आलं. समुद्र झाडांच्या बुंध्यापर्यंत चढला. जीव वाचवायचा तर सड्यावर जायला हवं होतं आणि सड्यावर जायला एकच पाऊलवाट होती. ती इतकी अरुंद होती की दोन ससे समोरासमोर आले तर एकाला मागे फिरावं लागे. सगळं जंगल त्या वाटेकडे धावलं. सर्वांत पुढे जंगलाचे महाराज. महाराज जातीने गवा आणि अंगाने चांगले भरलेले. ते निम्म्या चढावर पोचले आणि दोन खडकांच्या मध्ये पोटाशी अडकले.

महाराज अडकले म्हणजे मागचं सगळं जंगल अडकलं. त्यांना मागून ढकलावं का, यावर रांगेत बराच वेळ चर्चा झाली. राजाला मागून हात लावणं शिष्टाचारात बसेना. शेवटी पावसाने महाराजांचं अंग बुळबुळीत झालं आणि ते आपणहून निसटले. तोवर दुपार टळून गेली होती. रांगेच्या शेवटी चंद्रावळीचे वडील होते. त्यांनी आपली जागा एका लंगड्या भेकराला दिली आणि चंद्रावळीला म्हणाले, "तू आईला घेऊन पुढे हो. मी येतोच."

मग लाट आली. त्यानंतर रांगेला तो शेवट उरला नाही.

महाराज मनाने वाईट नव्हते. हे त्यांना फार जिव्हारी लागलं. शोकसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "किनाऱ्यापासून सड्यापर्यंत आपण वादळरस्ता बांधू. इतका रुंद, की मी आडवा चाललो तरी अडकणार नाही." सगळ्यांचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली, की नियोजित वादळरस्त्याबाबत जनतेकडून हरकती मागवण्यात येत आहेत.

पहिली सुनावणी जवळजवळ दोन वर्षांनी, किनाऱ्यावरच झाली. महाराज मध्यभागी बसले. त्यांच्या उजव्या हाताला प्रधान बसले. प्रधान म्हणजे खवले मांजर, सगळे त्यांना खवलेसाहेब म्हणत. त्यांची एक सवय होती. अवघड प्रश्न आला की ते अंगाची गुंडाळी करून घट्ट चेंडू होत आणि प्रश्न विचारणारा कंटाळून निघून गेला की उलगडत. असं करत करत त्यांनी तीन राजांच्या कारकिर्दी पाहिल्या होत्या. डाव्या हाताला बगळा बसला. तो लेखनिक. एका पायावर उभा राहून तो दिवसभर लिहू शके.

सर्वांत आधी चंद्रावळ पुढे गेली. सगळ्यांनी तिला ऐसपैस वाट करून दिली.

"नाव?" बगळ्याने मान वर न करता विचारलं.

"चंद्रावळ."

"हरकत?"

"माझी काही हरकत नाही. रस्ता लवकर व्हावा, एवढंच सांगायला आले. माझी आई आंधळी आहे आणि माझे वडील..."

"हरकत नाही, असा रकाना नाही," बगळा म्हणाला.

"मग कुठे लिहाल?"

"कुठेच नाही. बाई, इथे हरकती घेतात. हरकत असेल तर बोला, नसेल तर बाजूला व्हा. मागे रांग आहे."

चंद्रावळीने प्रधानांकडे पाहिलं. प्रधान चेंडू झाले होते. ती बाजूला झाली.

मागची रांग खरंच मोठी होती. पहिला नंबर केरबा माकडाचा. केरबा झाडावर राहायचा, त्यामुळे पाण्याची त्याला फिकीर नव्हती. "माझा विकासाला विरोध नाही," तो म्हणाला, "पण माझ्या फांदीवर बसलं की समोर समुद्र दिसतो. उद्या समोर रस्ता दिसेल. माझ्या पोरांनी काय बघायचं?"

मग ससा आला. तो म्हणाला की रस्ता झाला तर कोल्हा आमच्या घरापर्यंत आरामात येईल. त्याच्या मागे कोल्हा होता. तो म्हणाला की रस्ता झाला तर ससे आरामात पळून जातील. बगळ्याने दोघांच्या हरकती एकाच क्रमांकावर घेतल्या.

खेकड्याची तक्रार होती की रस्ता सरळ आखला आहे आणि खेकडे आडवे चालतात, म्हणजे आमच्या समाजाचा विचारच झालेला नाही. टिटवी म्हणाली की रस्ता केला तर वादळाला ते आमंत्रण वाटेल. "आपण तयारी केली नाही, तर ते कशाला येईल?" यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. दोन रानडुकरं आली. दोघं सख्खे भाऊ. थोरल्याचं म्हणणं होतं की रस्ता माझ्या चिखलातून नको, धाकट्याच्या चिखलातून न्या. धाकट्याचं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल.

दुपारी खेकडा पुन्हा उभा राहिला. सुनावणीचा मांडव नेमका त्याच्या बिळांवर घातला होता. त्याने सुनावणीच्या जागेलाही हरकत घेतली. हरकत रास्त होती. महाराजांनी लगेच हुकूम काढला, की यापुढची प्रत्येक सुनावणी वर सड्यावरच्या मोठ्या गुहेत होईल. तिथे कुणी राहत नाही, त्यामुळे कुणाची हरकत येणार नाही.

आणि जंगलाचा नियम असा होता, की हरकत घेणाऱ्याने प्रत्येक सुनावणीला जातीने हजर राहायचं. एक दिवस चुकला की हरकत बाद.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी सगळं जंगल डोंगर चढायला लागलं आणि उन्हं उतरली की खाली यायला लागलं. पुढे महाराज, मागे प्रधान, त्यांच्या मागे बगळा, आणि मग केरबापासून खेकड्यापर्यंत सगळे हरकतदार बायकापोरांसकट. किनाऱ्यावर दिवसभर फक्त दोघी उरायच्या, चंद्रावळ आणि तिची आई. त्यांची हरकत नव्हती ना.

चंद्रावळ वाटेच्या कडेला कंदमुळं उकरायची. त्यामुळे वाटेवर काय चाललंय ते तिला रोज दिसायचं.

पहिल्या आठवड्यात महाराज पुन्हा त्याच दोन खडकांमध्ये अडकले. पण या वेळी मागे हरकतदार होते आणि उशीर झाला तर सगळ्यांच्या हरकती बाद होणार होत्या. तेव्हा शिष्टाचार कुणाला आठवला नाही. दोन्ही रानडुकरांनी मिळून एका खडकाच्या बुडाशी असं उकरलं, की तो खडक गडगडत खाली गेला. दुसऱ्या आठवड्यात केरबाच्या टाळक्यात एक फांदी लागली. त्याने चिडून वाटेवरच्या सगळ्या आडव्या फांद्या मोडून टाकल्या. सशांची पोरं धापा टाकायची, म्हणून सशिणींनी वळणावर पाण्याचं डबकं खणलं. खेकड्यांना आडवं चालता यावं म्हणून त्यांच्या समाजाने वाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं कापून काढली. आणि महाराजांच्या खुरांनी उरलेली माती रोज दोनदा चोपून बसायची.

एके दिवशी चंद्रावळीला राहवलं नाही. केरबा खाली येत होता. तिने विचारलं, "केरबाभाऊ, ही वाट किती रुंद झालीय, बघितलंत का?"

"कुठली वाट?"

"ही, तुम्ही चालताय ती."

केरबाने खाली पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मी रस्त्याच्या विरोधात चाललोय," तो म्हणाला. "माझ्या पायाखाली काय आहे ते बघायला मला सवड नाही."

असे साडेतीन महिने गेले. एकशे सहावी सुनावणी होती त्या दिवशी सकाळी नेहमीसारखं सगळं जंगल वर गेलं. चंद्रावळ आईसाठी कंद सोलत बसली होती. आई बिळाच्या तोंडाशी बसून नाक वर करत होती.

"चंद्रा, वारा पडलाय," आई म्हणाली.

"बरं आहे की. पाला उडणार नाही."

"पक्षी बोलत नाहीयेत. आणि समुद्राचा आवाज लांबून येतोय. बघ बरं."

चंद्रावळीने वाकून पाहिलं. समुद्र मागे सरकला होता. जिथे नेहमी पाणी असायचं तिथे ओला, चकाकता चिखल पसरला होता आणि क्षितिजावर शाईच्या रंगाचा एक पट्टा उभा होता. तिच्या हातातला कंद गळून पडला.

"आई, ऊठ."

"मी नाही येत," आई शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळी माझ्यामुळे तुम्ही मागे राहिलात. तू एकटी असशील तर पोचशील. त्या वाटेवर आंधळीला घेऊन कुणी पोचत नाही."

"ती वाट आता तशी नाही."

"वाट कशी बदलेल? रस्ता तर अजून मंजूर नाही झाला."

समजावत बसायला वेळ नव्हता. चंद्रावळ आईकडे पाठ करून उभी राहिली. "माझ्या शेपटीचा एक काटा दातात धर," ती म्हणाली. "तू सोडलास तर मी थांबेन. तू थांबलीस तर मीही इथेच थांबेन."

आईने काटा दातात धरला. दोघी निघाल्या.

पहिल्या वळणापर्यंत आई पाऊल चाचपून टाकत होती. पायाला दगड लागेल, झुडूप लागेल म्हणून अंग चोरत होती. काहीच लागेना. मग तिची पावलं हळूहळू सुटी झाली. वळणावर दोघी पाणी प्यायल्या. तिथे काटा तोंडातून काढून आईने विचारलं, "हा रस्ता कुणी बांधला?"

"कुणी बांधला नाही, आई. सगळे त्याच्या विरोधात होते."

"तुझ्या बाबांच्या वेळी असता," आई म्हणाली आणि पुन्हा काटा दातात धरून चालू लागली. चंद्रावळीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला पुढचं दिसलं नसतं, इतके तिचे डोळे भरले होते.

दोघी सड्यावर पोचल्या तेव्हा वारा सुटला होता आणि थेंब दगडासारखे लागत होते. गुहेच्या तोंडाशी मुंगूस उभा होता. त्याला पहाऱ्यावर नेमलं होतं.

"हरकत क्रमांक?" मुंगसाने विचारलं.

"हरकत नाही. मागे वादळ येतंय. आम्हाला आत घ्या."

"हरकत नसेल तर आत घेता येत नाही, ताई. मला ओरडा बसेल. आतली जागा हरकतदारांसाठी आहे."

चंद्रावळीच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "माझी हरकत आहे."

"कशाला?"

"हा रस्ता दोन वर्षांपूर्वी का नव्हता, याला."

मुंगूस आत जाऊन विचारून आला. बगळ्याने ती 'विलंबाबाबत' या सदराखाली घेतली होती. क्रमांक एक हजार चारशे बारा. चंद्रावळीला हरकतदाराची सोबतीण म्हणून प्रवेश मिळाला.

मग वादळ आलं. दिवसभर ते डोंगराला धडका देत राहिलं. गुहेच्या आत मात्र काम थांबलं नाही. टिटवी उभी राहून सांगत होती की यंदा वादळ येण्याची शक्यता नाही, पण बाहेरच्या आवाजामुळे तिचं बोलणं नीट ऐकू येईना. महाराज बगळ्याला म्हणाले, "वाऱ्याची काही हरकत असेल तर तीही लिहून घ्या, म्हणजे तो गप्प होईल." बगळ्याने लिहून घेतली. प्रधान दुपारपासून चेंडू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कड्यापाशी येऊन उभे राहिले. खाली किनारा ओळखू येत नव्हता. बिळं नव्हती. मांडव नव्हता. केरबाच्या फांदीचं झाड नव्हतं. ते मुळासकट समुद्रात तरंगत होतं आणि त्याच्यावरून आता चारही बाजूंना समुद्र दिसला असता. ससे आपली पोरं मोजत होते. कोल्हाही त्यांना मोजायला मदत करत होता. चंद्रावळीने सगळं जंगल मोजलं. दोनदा मोजलं. एकही कमी नव्हता. मग ती आईचा पंजा धरून खाली बसली.

केरबा पुढे आला. "महाराज," तो म्हणाला, "एक गोष्ट सिद्ध झाली. रस्ता नसतानाही सगळे वाचले."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं ते. आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

महाराजांनाही पटलं. त्यांनी तिथेच हुकूम सांगितला आणि बगळ्याने लिहून घेतला. वादळरस्ता रद्द. सगळ्या हरकती मान्य. सुनावण्या बंद. शिवाय, किनाऱ्यापासून सड्यापर्यंत एक विनापरवाना रुंद वाट झालेली आढळली आहे, तिच्यावर पावसाळ्याआधी घायपाताची रोपं लावून ती बंद करावी.

घायपात तुम्ही पाहिला असेल. त्याची पानं तलवारीसारखी असतात. त्यातून मुंगीसुद्धा विचार करून जाते.

चंद्रावळ ऐकत होती. तिच्या मनात आलं, पुढच्या वादळाला आई आणखी म्हातारी असेल. सगळे घरी असतील. आणि रांगेच्या शेवटी कुणीतरी आपली जागा दुसऱ्याला देईल. तिला एकदम फार राग आला. राग आला की सायाळ काटे फुलवते, आणि सायाळीने काटे फुलवले की सगळे आपोआप गप्प होतात.

"महाराज," ती म्हणाली, "माझी हरकत आहे."

बगळ्याने आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. "तुमची? कशाला?"

"रस्ता रद्द करण्याला."

सगळ्यांत कुजबुज झाली. महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी महाराजांकडे पाहिलं आणि ते चेंडू झाले. महाराज नाइलाजाने बगळ्याकडे वळले. बगळ्याने नियम चाळले.

"हरकत आली म्हणजे सुनावणी घ्यावी लागेल," तो म्हणाला. "इथेच. रोज. आणि या हरकतीला कुणाची हरकत असेल, तर त्यांनाही जातीने हजर राहावं लागेल."

"माझी आहे," केरबा लगेच म्हणाला.

"माझी आहे," ससा म्हणाला. कोल्हा म्हणाला. खेकडा आडवा पुढे येऊन म्हणाला. दोन्ही रानडुकरं एकदम म्हणाली आणि कोण आधी म्हणालं यावरून भांडली. एका सायाळीच्या हट्टापायी रद्द झालेला रस्ता पुन्हा होतो म्हणजे काय? सगळं जंगल पेटून उठलं.

त्या संध्याकाळी सगळे नवी घरं करायला खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोंगर चढू लागले. घायपाताची रोपं कुणीतरी लावली होती खरी, पण तिसऱ्या दिवशी ती चेंगरून मातीत गेली. मुख्य म्हणजे महाराज त्यांच्यावरून चालत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सुनावणी अजून चालू आहे. मधल्या काळात त्या किनाऱ्यावर तीन वादळं येऊन गेली. तिन्ही वेळा सगळं जंगल वर होतं आणि चंद्रावळीविरुद्ध बोलत होतं. कधी कधी लोकांचा उत्साह कमी होतो, कुणी म्हणतं जाऊ दे, आज नको चढायला. मग चंद्रावळ एखादी नवी, आधीपेक्षा चीड आणणारी हरकत दाखल करते. मागच्या पावसाळ्यात तिने टिटवीच्या आवाजाला हरकत घेतली आणि सगळे पक्षी वर आले. तिच्याशी कुणी बोलत नाही. केरबा तिला पाहून तोंड फिरवतो. तिची आई आता वरच, गुहेच्या तोंडाशी बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांवरून त्याला ओळखून पाणी विचारते. तिच्याशी मात्र सगळे गोड बोलतात. मुलगी अशी निघाली याचं त्यांना वाईट वाटतं.

परवा सुनावणी संपल्यावर महाराज मागे थांबले. म्हातारे झालेत आता. त्यांनी चंद्रावळीला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तू एवढी वर्षं एकटी लढते आहेस. मला तुझी कीव येते. मी उद्या तुझी हरकत मान्य करतो आणि रस्ता मंजूर करून टाकतो. मग तर झालं?"

चंद्रावळ इतकी घाबरली की तिचे काटे खडखड वाजले.

"तेवढं करू नका, महाराज," ती हात जोडून म्हणाली. "रस्ता मंजूर झाला तर उद्यापासून वर कोण येईल?"

तात्पर्य: मुलांनो, लोकांच्या भल्याचं काम व्हावं असं मनापासून वाटत असेल, तर त्याला पाठिंबा देऊन त्याचा घात करू नका. त्याला कडकडून विरोध करा. फक्त विरोध करायला रोज स्वतः चालत जा, आणि जाताना म्हाताऱ्यांना बरोबर घ्या.